लिनक्सचा सॉफ्टवेअर रेड: वर्षभर वापरल्यावर

प्रत्येकी ८ टीबीच्या चार डिस्क, त्यांवर लिनक्सच्या एमडी ड्रायव्हरने (लिनक्समधल्या रेड सांभाळणाऱ्या भागाने) बांधलेला रेड-६ ॲरे आणि वर एक्सटी४ फाइलसिस्टिम. रेड म्हणजे अनेक डिस्क अशा जोडणं की एखादी गेली तरी मजकूर टिकतो; अशा जोडणीला ॲरे म्हणतात. ही मांडणी वापरून आता वर्ष होत आलं. फोटो, जुन्या कामांच्या फाइली, बाकी संगणकांचे बॅकअप, सगळं यावरच असतं. रेडच्या बहुतेक परीक्षणांत वेगाचे आकडे सापडतात. मला जाणून घ्यायचं होतं ते वेगळंच: डिस्क बिघडायला लागली की ही यंत्रणा कशी वागते? यंदा ती वेळ आली आणि निभावली गेली, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी रेड-६ का, ते सांगतो. त्यात मजकुरासोबत दोन पॅरिटी, म्हणजे हरवलेला मजकूर परत काढता येईल अशी हिशेबाची जादा माहिती, ठेवल्या जातात; रेड-१० मध्ये एका डिस्कची प्रत दुसरीवर असते. चार डिस्कमध्ये रेड-१० केला तरी जागा तेवढीच मिळते, १६ टीबी. पण चारातल्या कुठल्याही दोन डिस्क एकदम गेल्या तर? अशा जोड्या सहा होतात. नेहमीच्या मांडणीतल्या रेड-१० मध्ये त्यांतल्या दोन जोड्या घातक ठरतात, कारण त्या एकमेकींच्या प्रती असतात. रेड-६ मध्ये सहाही चालतात. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली बर्कलीहून रेडचा मूळ शोधनिबंध लिहिला, तेव्हा त्यांच्या हिशेबातली छोटी डिस्क १०० एमबीची होती. आजची ८ टीबीची डिस्क तिच्या ८०,००० पट मोठी आहे, वाचण्याचा वेग मात्र त्या प्रमाणात अजिबात वाढलेला नाही. त्यामुळे रीबिल्ड, म्हणजे नव्या डिस्कवर मजकूर पुन्हा उभा करणं, आता तासन्‌तास चालतो आणि तेवढा सगळा वेळ उरलेल्या डिस्कवर ताण असतो. त्या अवस्थेत दुसरी पॅरिटी हाताशी असणं मला फार मोलाचं वाटतं.

याची किंमत लहान-लहान लिखाणात मोजावी लागते, कारण प्रत्येक बदलाला दोन्ही पॅरिटी नव्याने लिहाव्या लागतात. डेटाबेस किंवा व्हर्च्युअल मशीन ठेवायची असतील तर रेड-१० घ्या. माझ्यासारख्या मोठ्या फाइलींच्या कामात गिगाबिट नेटवर्कच आधी अपुरं पडतं, ॲरे नाही.

ॲरे बनवला की पहिला सिंक, म्हणजे डिस्कवरची पॅरिटी जुळवणं, सुरू होतो. तो चालू असतानाही ॲरे वापरता येतो. वेगावर कर्नेलची (लिनक्सच्या गाभ्याची) मर्यादा असते: किमान १,००० आणि कमाल २,००,००० केबी प्रतिसेकंद. इतर काम चालू असलं की सिंक खालच्या आकड्याकडे घसरतो, म्हणून किमान मर्यादा वाढवून ठेवली. एमडीस्टॅट या ॲरेची स्थिती दाखवणाऱ्या फाइलमध्ये उरलेला वेळ दिसतो, त्यावर फार विसंबू नका. डिस्कच्या बाहेरच्या भागात वाचन वेगाने होतं, आतल्या भागात मंदावतं, त्यामुळे सुरुवातीला दाखवलेले तास पुढे वाढत जातात.

आता या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग: टाइमआउट, म्हणजे उत्तराची किती वेळ वाट पाहायची ती मर्यादा. साध्या डेस्कटॉप डिस्कला एखादा सेक्टर (डिस्कवरचा छोटा तुकडा) वाचता येईना, की ती स्वतःच पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसते, कधी कधी मिनिटभराहूनही जास्त. लिनक्सचं कर्नेल मात्र ३० सेकंद थांबतं आणि मग डिस्क रीसेट करायला जातं. डिस्क अजून स्वतःतच गुंतलेली असते, उत्तर देत नाही, आणि शेवटी ती ॲरेतून बाहेर फेकली जाते. बिघाड एका सेक्टरचा, पण गमावलेली असते अख्खी डिस्क. रीबिल्डच्या मध्यावर हेच दुसऱ्या डिस्कबाबत झालं तर चांगला डेटा असलेला ॲरेसुद्धा कोसळू शकतो.

यावर उपाय सोपा आहे. स्मार्टसीटीएल या डिस्कची तब्येत पाहणाऱ्या साधनातल्या एससीटीईआरसी या सेटिंगला ७० हा आकडा दिला, की डिस्क ७ सेकंदांत हार मानून त्रुटी कळवते. ते एकक सेकंदाच्या दहाव्या भागाचं आहे. त्रुटी कळताच एमडी बाकीच्या डिस्कवरून तो मजकूर काढतो आणि त्याच जागी परत लिहितो. सेक्टर खरंच खराब असेल तर डिस्क त्याच्याऐवजी राखीव सेक्टर वापरते. रेडचा खरा उपयोग मला इथे दिसला. बऱ्याच डिस्क वीज गेली की हे सेटिंग विसरतात, म्हणून ते प्रत्येक बूटच्या वेळी लागेल अशी सोय करा. माझ्या दोन डिस्कमध्ये ही सुविधाच नाही. त्यांच्यासाठी कर्नेलचा टाइमआउट १८० सेकंद करून ठेवलाय.

दर महिन्याला पूर्ण ॲरेची तपासणी, म्हणजे स्क्रब, होते. डेबियन या लिनक्समध्ये ती महिन्याच्या पहिल्या रविवारी ठेवलेली असायची, मीही तोच दिवस ठेवला. अशाच एका स्क्रबनंतर एका डिस्कच्या स्मार्ट माहितीतला (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीतला) १९७ क्रमांकाचा आकडा, म्हणजे प्रलंबित, वाचता न आलेल्या सेक्टरांचा, वाढलेला दिसला. काही दिवसांनी तो आणखी वाढला. डिस्क अजून चालू होती, पण तिच्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता.

इथे एमडीॲडम या ॲरे सांभाळणाऱ्या साधनाची रिप्लेस ही सोय कामी आली, आणि तिच्याबद्दल मला अगदी मनापासून सांगायचंय. नेहमीची पद्धत म्हणजे खराब डिस्क काढा, नवी घाला, रीबिल्ड होऊ द्या. त्यात तेवढा काळ ॲरे एका डिस्कने लंगडा राहतो. रिप्लेसमध्ये नवी डिस्क आधी जोडायची, जुनीही आतच राहते. जुनीवरचा मजकूर नवीवर उतरत जातो आणि जुनीवर न वाचता येणारा भाग तेवढा इतर डिस्कवरून काढला जातो. नवी पूर्ण भरली की जुनी आपोआप बाद ठरते. ॲरेची दुहेरी सुरक्षितता क्षणभरही कमी होत नाही. फक्त एक जादा सॅटा पोर्ट (डिस्क जोडायची जागा) मोकळा लागतो. पेटी घेताना त्याचा विचार करून ठेवा.

डिस्क काढण्यापूर्वी तिचा सीरियल नंबर जुळवून पाहा. एसडीए, एसडीबी ही लिनक्सने डिस्कना दिलेली नावं बूटनुसार बदलू शकतात. मी प्रत्येक कप्प्यावर सीरियलचे शेवटचे चार आकडे चिकटवलेत, त्यामुळे कोणती डिस्क ओढायची याबद्दल शंकाच उरली नाही.

मधल्या काळात मदरबोर्ड बदलला. डिस्क दुसऱ्या पोर्टांना, वेगळ्या क्रमाने लावल्या, तरी ॲरे जसाच्या तसा उभा राहिला. कोणती डिस्क कितवी ही माहिती डिस्कवरच असते, त्या नोंदीच्या आवृत्ती १.२ मध्ये सुरुवातीपासून ४ केबी अंतरावर. हार्डवेअर रेड कार्ड बिघडलं तर बहुतेकदा तसंच कार्ड शोधावं लागतं. इथे लिनक्स चालणारा कुठलाही संगणक पुरतो.

वीज अचानक गेल्यावरही फार त्रास झाला नाही. राइट-इंटेंट बिटमॅप चालू असल्याने कोणत्या भागात लिखाण अर्धवट होतं हे ॲरेला माहीत असतं आणि तेवढाच भाग पुन्हा सिंक होतो. पूर्ण दिवसाचं काम काही मिनिटांत संपलं. तरीही पॅरिटी आणि मजकूर यांची फारकत होण्याचा धोका, ज्याला राइट होल म्हणतात, तो बिटमॅपने जात नाही. यूपीएस लावाच.

तक्रारी दोन आहेत, आणि दोन्ही गंभीर. पहिली सूचनांची. डिस्क गेली तर मेल येतो खरा, पण मुळात तो रूटच्या, म्हणजे संगणकाच्या मुख्य प्रशासकाच्या, स्थानिक खात्यावर जातो आणि तिथे कुणीच पाहत नाही. कॉन्फिग फाइलमध्ये स्वतःचा पत्ता घाला आणि मॉनिटरच्या टेस्ट पर्यायाने चाचणीचा मेल खरंच पोचतो का ते बघा. ॲरे मूकपणे एका डिस्कवाचून महिनोन्‌महिने चालत राहू शकतो.

दुसरी तक्रार मजकुराच्या खरेपणाची. स्क्रबमध्ये पॅरिटी जुळली नाही तर एमडी फक्त विसंगतीचा आकडा दाखवतो, चूक नेमकी कोणत्या डिस्कवर आहे ते सांगत नाही. दुरुस्ती करायला सांगितलं तर डेटा बरोबर धरून पॅरिटी नव्याने लिहितो. झेडएफएस या फाइलसिस्टिममध्ये प्रत्येक ब्लॉकला चेकसम (मजकूर बदलला का ते दाखवणारा आकडा) असल्याने हा प्रश्न उरत नाही. मी एमडी निवडलं ते एकेक डिस्क वाढवत जाण्याच्या सोयीसाठी. झेडएफएसच्या रेडझेड या स्वतःच्या रेडमध्ये ती सोय २०२५ मध्ये २.३ आवृत्तीबरोबर आली, त्यामुळे आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने तिकडेही जरूर पाहावं. मी महत्त्वाच्या फाइलींचे चेकसम वेगळे ठेवतो आणि त्यांची एक प्रत ॲरेच्या बाहेर असते. चुकून पुसलेली फाइल ॲरेतून त्याच क्षणी जाते, तिथे कितीही पॅरिटी असली तरी उपयोग नाही.

नवा ॲरे बांधत असाल तर मजकूर भरण्याआधी एक डिस्क मुद्दाम फेल करून पाहा. मेल येतो का, एमडीस्टॅटमध्ये चालू डिस्कच्या यू-च्या जागी आडवी रेघ दिसते का, योग्य डिस्क कप्प्यावरून ओळखता येते का आणि रीबिल्डला किती तास लागतात, हे चारही तपासा. मगच फोटो तिथे न्या.