एसएसडी टाकल्यावर आयमॅकचा फॅन सुसाट सुटला, त्यावर मॅक्स फॅन कंट्रोल वापरून बघितलं

माझा आयमॅक २०११ चा आहे, २७ इंची. मूळची हार्ड डिस्क काढून त्यात एसएसडी (चिपवर चालणारी, न फिरणारी वेगवान डिस्क) बसवली. चालू केला आणि इतका आनंद झाला म्हणून सांगू, आधी जे सॉफ्टवेअर उघडेपर्यंत उठून एक काम उरकून यायचे ते क्लिक केल्या केल्या समोर. पण तेवढ्यात मागून घूंघूं सुरू झालं आणि ते चढतच गेलं, शेवटी बाजूला मिक्सर लावून ठेवल्यासारखा आवाज. थांबेल म्हणून अर्धा तास वाट बघितली, नाही थांबला. मी आवाज रेकॉर्ड करते, पुस्तकांचं वाचन वगैरे, त्यामुळे मला हे चालवून घेणं शक्यच नव्हतं, माइकमध्ये माझ्या आवाजाआधी पंखाच ऐकू येत होता.

आधी वाटलं धूळ असेल, पण मशीन उघडलेलं असतानाच सगळं साफ केलं होतं. मग एसएमसी (मॅकमधली फॅन, पॉवर वगैरे सांभाळणारी चिप) रीसेट केलं, म्हणजे वायर काढून १५ सेकंद थांबायचं, परत लावायची, ५ सेकंदांनी चालू करायचं. काही फरक नाही. शोधत बसल्यावर कळलं की फॅन, एसएसडी, जोडणी, काहीच बिघडलेलं नाहीये, हा सगळा सेन्सरचा मामला आहे.

झालंय काय, की या आयमॅकमध्ये तीन फॅन असतात, एक सीपीयूचा, एक डीव्हीडी ड्राइव्हचा, एक हार्ड डिस्कचा, आणि हार्ड डिस्क किती तापलीये ते बघून तिचा फॅन कमीजास्त होतो. २००९ आणि २०१० च्या मॉडेलमध्ये त्यासाठी वेगळी वायर होती. २०११ मध्ये ते बदललं, डिस्कच्या पॉवर कनेक्टरमधूनच तापमान कळवलं जातं आणि त्यासाठी डिस्कमध्ये खास फर्मवेअर (डिस्कच्या आतलंच सॉफ्टवेअर) असतं. बाहेरून आणलेल्या एसएसडीत ते नसतं. मग एसएमसीला तापमानच मिळत नाही, आणि आकडा मिळत नाही म्हटल्यावर तो फॅन पूर्ण जोरात सोडतो. खरं सांगायचं तर मला ते योग्यच वाटतं, डिस्क तापलीये का नाही हेच माहीत नसेल तर पंखा बंद ठेवण्यापेक्षा जोरात फिरवलेला केव्हाही बरा.

आता सॉफ्टवेअरबद्दल. मॅक्स फॅन कंट्रोल, क्रिस्टलआयडिया या कंपनीचं आहे, फुकट आहे. पैसे भरून प्रो पण मिळतं, त्यात स्वतःचे प्रीसेट सेव्ह करता येतात, मला गरज पडली नाही. उघडलं की डावीकडे सगळे फॅन आणि त्यांचे आरपीएम (मिनिटाला किती फेरे), उजवीकडे सगळ्या सेन्सरचं तापमान, बास. माझ्याकडे एचडीडी फॅन ५००० च्या वर दिसत होता, बाकीचे दोन अगदी निवांत. ते दोन ऑटोवरच राहू द्या, त्यांचे सेन्सर नीट चालतायत, उगाच हात लावू नका.

एचडीडी फॅनच्या कस्टममध्ये दोन पर्याय येतात. एक, ठरावीक आरपीएम. मी घाईघाईत तोच घेतला, ११०० टाकले, आणि खोलीत जी शांतता झाली ना, मी दोन मिनिटं नुसती ऐकत बसले. पण दुसऱ्या दिवशी मोठ्या फाइल कॉपी करताना लक्षात आलं की आता डिस्क कितीही तापली तरी फॅन ११०० च्या वर जाणारच नाही, आणि त्या पेटीत हवा खेळती ठेवायला या फॅनचाही हात असतोच की. म्हणून दुसरा पर्याय घेतला, सेन्सरप्रमाणे. एसएसडी आपलं तापमान स्मार्टमधून (डिस्क स्वतःची तब्येत कळवते ती सोय) सांगते, ते या ॲपला वाचता येतं, यादीत एसएसडीच्या नावाने दिसतं. तो सेन्सर निवडला, ४० अंशांपासून फॅन वाढायला लागू दे आणि ६० ला पूर्ण जोरात जाऊ दे असं टाकलं. साटा एसएसडीची मर्यादा साधारण ७० अंश असते त्यामुळे हे आकडे बिनधास्त चालतात. माझी एसएसडी ३५ च्या आसपासच असते, म्हणजे फॅन जवळजवळ कायम खालीच, आणि रेकॉर्डिंग एकदम स्वच्छ.

एक मात्र तपासा, काही एसएसडी तापमान सांगतच नाहीत किंवा कायम एकच आकडा दाखवतात. मोठी फाइल कॉपी करून बघा आकडा हलतोय का, नसेल हलत तर त्या सेन्सरवर विसंबू नका.

कमी काय आहे तेही सांगते. हे शेवटी सॉफ्टवेअर आहे, मशीन चालू केल्यापासून तुम्ही लॉगिन करेपर्यंत ते नसतंच, तेवढा वेळ फॅन ओरडू शकतो. लॉगिनबरोबर आपोआप सुरू होण्याची टिक न विसरता करा. ॲप बंद केलं की फॅन परत ऑटोवर म्हणजे परत आवाज. बूट कॅम्पमध्ये (मॅकवर विंडोज टाकायची ॲपलची सोय) विंडोज वापरत असाल तर तिथे वेगळं टाकावं लागतं. आणि ॲपल हार्डवेअर टेस्ट (मशीनची स्वतःची तपासणी) चालवली तर सेन्सरची एरर येणारच, कारण सेन्सर खरंच नाहीये, ॲप फक्त फॅनला सांभाळतंय.

ज्यांनी मशीन अजून उघडलं नाहीये त्यांनी ओडब्ल्यूसी या कंपनीची सेन्सरवाली केबल आधीच मागवा असं मी म्हणेन. डिस्क आणि पॉवर कनेक्टरच्या मध्ये ती लागते, सेन्सर डिस्कच्या अंगाला चिकटवायचा, मग लॉगिनच्या आधीही आवाज नाही. मला हे नंतर कळलं आणि आता परत उघडायची हिंमत नाही, चुंबकावर बसलेली काच सक्शन कपने ओढून काढा, टॉर्क्सचे स्क्रू काढा, तो जड डिस्प्ले उचलून धरून मागच्या केबल सोडवा, एकदा केलं ते पुष्कळ झालं.

सेन्सरच्या वायरच्या पिना शॉर्ट करायचा, म्हणजे एकमेकींना जोडून टाकायचा, उपाय पण लोक सांगतात. जुन्या मॉडेलमध्ये त्याने फॅन शांत होतो, पण मग तापमानाशी त्याचा काही संबंधच राहत नाही. एसएसडी असेल तर एकवेळ समजू शकते, पण फिरणारी मोठी हार्ड डिस्क टाकली असेल तर प्लीज हे करू नका, ती चांगलीच तापते.

केबल मागवताना आधी आपलं मॉडेल कुठल्या वर्षाचं ते नीट बघून घ्या, २००९-१० ची केबल २०११ ला चालत नाही.