खानापूरची तांबडी, अथणीची काळी: माती तपासायला देताना कोणती पद्धत मागाल?

माझं माहेर खानापूर तालुक्यात, जांबोटी रस्त्याला. सासर अथणी तालुक्यात, कृष्णेकाठी. जिल्हा एकच बेळगाव, पण माती दोन टोकांची. माहेरी धो धो पाऊस, भाताची खाचरं, तांबडी जांभी माती आणि सामू (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कलीपणाचं माप) साडेपाचच्या आसपास. सासरी पाऊस बेताचा, उसाला नदीचं पाणी, काळी खोल जमीन आणि सामू आठाच्या वर. त्या काळ्या मातीवर आम्लाचे चार थेंब टाकले की ती फसफसते, म्हणजे तिच्यात मुक्त चुना आहे.

सासरच्या एकाच शेताची माती आम्ही लागोपाठ दोन वर्षं दोन वेगळ्या प्रयोगशाळांत दिली होती. पहिल्या अहवालात स्फुरद (फॉस्फरस) ‘मध्यम’ आलं, दुसऱ्यात ‘फार कमी’. मामंजींनी घाबरून डीएपी या स्फुरदाच्या खताचा डोस वाढवला. ऊस काही वाढला नाही, खर्च मात्र वाढला. पुढे कळलं की मातीत काही बदललंच नव्हतं. दोन ठिकाणी दोन वेगळी द्रावणं वापरली होती, आणि दुसरं द्रावण आमच्या मातीसाठी नव्हतंच. तेव्हापासून मी प्रयोगशाळेत दर विचारायच्या आधी पद्धत विचारते. तुम्ही या भागात माती तपासायला देणार असाल, तर कुठे काय निवडावं याबद्दल माझं मत सांगते.

सगळ्यात आधी स्फुरद, कारण चूक होते ती बहुधा इथेच. मातीतलं सगळं स्फुरद पिकाला मिळत नसतं. मिळण्याजोगा भाग एखाद्या द्रावणाने ओढून काढायचा, त्यात निळा रंग आणायचा आणि रंगाच्या गडदपणावरून आकडा काढायचा, अशी ही तपासणी. रंगाचा भाग ब्रे आणि ओल्सेन या दोन्ही रूढ पद्धतींत जवळपास सारखाच. फरक आहे तो ओढून काढणाऱ्या द्रावणात. १९४५ची ब्रे पद्धत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल आणि अमोनियम फ्लोराइड वापरते. आम्लधर्मी जमिनीत स्फुरद लोह आणि ॲल्युमिनियमला घट्ट धरून बसलेलं असतं. फ्लोराइड त्या ॲल्युमिनियमला बांधून घेतं आणि स्फुरद सुटतं. खानापूरच्या तांबड्या मातीला हे अगदी जुळतं. पण तेच द्रावण अथणीच्या चुनखडीच्या मातीत घातलं, तर आम्ल चुन्यावरच खर्च होतं, फ्लोराइड कॅल्शियमबरोबर साक्यात जातं आणि आकडा खोटा कमी येतो. आमचं झालं ते हेच.

१९५४ची ओल्सेन पद्धत सोडियम बायकार्बोनेटचं साडेआठ सामूचं द्रावण वापरते. ते चुन्याशी भांडत नाही. उलट द्रावणातलं कॅल्शियम कमी करून त्याला चिकटलेलं स्फुरद मोकळं करतं. म्हणून चिकोडी, रायबाग, अथणी, कागवाड या पट्ट्यातल्या काळ्या रानांना ओल्सेन. सामू साधारण साडेसहाच्या खाली असेल तर ब्रे मागा, वर असेल तर ओल्सेन. सामू मध्येच घोटाळत असेल, तर मी ओल्सेनच घेईन आणि दरवर्षी तीच ठेवीन.

याच ओळीत आणखी एक गोम असते. काही अहवाल मूळ फॉस्फरसचा आकडा देतात, काही पी२ओ५चा, म्हणजे त्याच्या ऑक्साइडचा, आणि मराठीत आपण दोन्हीला स्फुरदच म्हणतो. मूळ आकड्याला २.२९ ने गुणलं की पी२ओ५ मिळतं. म्हणजे एका कागदावरचे हेक्टरी १० किलो आणि दुसऱ्यावरचे २३ किलो ही एकच गोष्ट असू शकते. सीमेच्या अलीकडचा कन्नड कागद आणि कोल्हापूरकडचा मराठी कागद शेजारी ठेवून तुलना करणाऱ्यांनी आधी हे एकक बघावं.

पालाशसाठी एवढी डोकेफोड नाही. तटस्थ अमोनियम ॲसिटेट आणि फ्लेम फोटोमीटर दोन्ही मातींना चालतं. काळ्या जमिनीत पालाश बहुतेक वेळा भरपूर निघतो, तेवढा पोटॅशचा खर्च वाचतो.

सेंद्रिय कर्बाला दोन वाटा आहेत. वॉकली-ब्लॅक पद्धतीत पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्लाने कर्ब जाळतात आणि उरलेलं डायक्रोमेट मोजतात. सगळा कर्ब जळत नाही, सुमारे ७७ टक्केच जळतो, म्हणून उत्तराला सुमारे १.३ ने गुणतात. दुसरी वाट म्हणजे माती भट्टीत तापवून वजन किती घटलं ते पाहणं. त्यात घातक रसायन नाही, खर्च कमी. तरीही काळ्या मातीसाठी मी ती घेणार नाही. चिकणमातीच्या कणांत बांधलेलं पाणीही त्या उष्णतेला उडतं आणि तेही सेंद्रिय पदार्थ म्हणून मोजलं जातं. जांभ्या मातीतल्या लोहाच्या खनिजांचंही तेच. आणि काळ्या रंगावर जाऊ नका. आमच्या काळ्याभोर रानात कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली निघाला, म्हणजे ‘कमी’ वर्गात. माहेरच्या तांबड्या खाचरात त्याहून जास्त होता. नत्राच्या आकड्याबद्दलही विचारून घ्या. तो अल्कलाइन परमँगनेटने खरोखर मोजलाय, की कर्बाच्या आकड्यावरून नुसता हिशोबाने काढलाय? हिशोबाचा आकडा चुकीचाच असतो असं नाही, पण त्यात नवी माहिती काही नसते.

आता सामू आणि क्षारता. एक भाग माती, अडीच भाग पाणी, ढवळून काचेच्या इलेक्ट्रोडने वाचन, ही सर्वत्र चालणारी रीत. पण खानापूरकडे चुना टाकायचा विचार असेल, तर नुसता सामू पुरत नाही. सामू फक्त पाण्यात उतरलेली आम्लता दाखवतो, कणांना धरून बसलेली राखीव आम्लता दाखवत नाही. दोन शेतांचा सामू सारखा असूनही एकाला दुप्पट चुना लागू शकतो. त्यासाठी एसएमपी बफरची तपासणी वेगळी मागावी लागते. भाताच्या खाचरावर मी हा खर्च नक्की करीन, कारण अंदाजाने टाकलेला चुना वाया तरी जातो किंवा जस्त आणि लोह अडवून बसतो.

कृष्णाकाठी दुखणं वेगळं आहे. पाण्याचा वापर वाढला तशा काही जमिनी खारवट झाल्या, काही चोपण, म्हणजे सोडियम वाढून घट्ट झालेल्या. क्षारतेचा आकडा एकास अडीच पाण्यातला आहे की संपृक्त चिखलातून ओढलेल्या पाण्यातला, हे विचाराच. जमीन खारवट ठरवायची जी ४ डेसिसिमेन प्रति मीटरची मर्यादा सांगतात, ती दुसऱ्या पद्धतीची आहे. साध्या द्रावणात पाणी जास्त असल्यामुळे तीच माती बरीच कमी आकडा दाखवते आणि माणूस निर्धास्त राहतो. सामू साडेआठच्या वर गेला असेल, पाणी वर साचत असेल, वाळल्यावर पापडी धरत असेल, तर विनिमययोग्य (कणांना चिकटलेलं) सोडियम आणि जिप्समची गरज ही तपासणी करून घ्या. चोपणाला जिप्सम लागतं. नुसत्या खारवट जमिनीला निचरा आणि धुऊन काढायला चांगलं पाणी लागतं. दोन्हींना एकच औषध दिलं, तर पैसा मातीत.

जस्त, लोह अशा सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी डीटीपीए या द्रावणाची पद्धत रूढ आहे. ती मुळात तटस्थ आणि चुनखडीच्या जमिनींसाठी बसवलेली, त्यामुळे काळ्या मातीतला जस्ताचा आकडा मी विश्वासाने वाचते, ०.६ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ०.६ भाग) खाली गेला की जस्त देते. लोहाच्या आकड्यावर मात्र तेवढा भरवसा ठेवत नाही. कागदावर लोह पुरेसं आणि उसावर केवडा (पानं पिवळी पडणं), हे चुनखडीच्या रानात घडतं. तिथे पान बघणं जास्त खरं.

सरकारी मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी येतात: सामू, क्षारता, कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन. कृषी खात्याच्या रैत संपर्क केंद्रातून नमुना देता येतो आणि सुरुवातीला ती जरूर करावी. पण या बारात मुक्त चुना नाही, मातीचा पोत, म्हणजे वाळू, गाळ आणि चिकणमातीचं प्रमाण, तेही नाही. शिवाय योजनेत नमुने नकाशावर चौकोनांची जाळी आखून ठरवले होते, बागायतीत अडीच हेक्टरला एक आणि जिरायतीत दहा हेक्टरला एक. त्यामुळे पत्रिकेवरचा आकडा शेजाऱ्याच्या बांधापलीकडचाही असू शकतो. ठिबक किंवा निचऱ्याच्या चरावर मोठा खर्च करण्याआधी स्वतःच्या रानाचा वेगळा नमुना द्या.

पोतासाठी हायड्रोमीटर बहुतेकांना पुरतो. सोडियम हेक्सामेटाफॉस्फेटने कण सुटे करायचे, लांब नळीत ढवळायचे, ४० सेकंदांनी आणि दोन तासांनी वाचन घ्यायचं. पिपेट पद्धत जास्त नेमकी, पण दिवस खाते, ती संशोधनाची. मात्र जांभ्या मातीत लोह चिकणमातीचे कण वाळूसारखे बांधून ठेवतं आणि चुनखडीच्या मातीत चुना तेच करतो. नीट सुटे केले नाहीत, तर दोन्हीकडे चिकण कमी दिसते. हाताने ओली माती दाबून पट्टी काढायची जुनी रीत इथे चांगली पडताळणी आहे: लांब पट्टी निघते आणि कागद म्हणतो वाळूसर, तर कागद परत पाठवा. मातीची घनता कड्याने मोजून घेणार असाल, तर काळ्या रानात ओल किती होती तेही लिहून घ्या. ती माती सुकताना आक्रसते आणि आकडा बदलतो.

ऑनलाइन मिळणारा, मातीत खुपसून नत्र-स्फुरद-पालाश दाखवणारा काटा मी घेणार नाही. तो मुख्यतः मातीची विद्युतवाहकता मोजतो आणि बाकीचे आकडे त्यावरून रचतो. सामूच्या पट्ट्या वेगळ्या. रान आम्लाकडचं की चुन्याकडचं एवढं त्या सांगतात, आणि ब्रे की ओल्सेन ठरवायला तेवढं पुष्कळ.

या वर्षी माहेरच्या नमुन्यासाठी मी ब्रे, एसएमपी बफर, कर्ब आणि बोरॉन मागणार आहे. सासरच्यासाठी ओल्सेन, मुक्त चुना, संपृक्त चिखलातली क्षारता, विनिमययोग्य सोडियम आणि जस्त. ऊस तुटल्यावर, खत टाकण्याआधी, नागमोडी चालीने पंधरा जागी व्ही आकाराचे खड्डे घेऊन, लाकडी खुरप्याने आणि प्लास्टिकच्या बादलीत माती गोळा करायची, म्हणजे लोखंड-जस्त लागत नाही. सावलीत वाळवून अर्धा किलो उरेपर्यंत चौथाई पाडायची, म्हणजे ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाकत जायचं. खताच्या रिकाम्या पोत्यात भरायची नाही. पिशवीवर गट नंबर, पीक, खोली आणि हव्या त्या पद्धतींची नावं कन्नडमधून लिहून देणार आहे, म्हणजे काउंटरवरच्या माणसाला आमचं मराठी समजलं नाही तरी ती चुकणार नाहीत.