सात महिने एनक्लेक्सच्या प्रॅक्टिस टेस्ट दिल्या, त्या स्कोअरवर किती भरवसा ठेवायचा?

मी परळला एका हॉस्पिटलमध्ये मेडिकल वॉर्डला स्टाफ नर्स आहे, बीएस्सी नर्सिंग करून सहा वर्षं झाली. अमेरिकेत नर्स म्हणून काम करायचं तर लायसन्सची एनक्लेक्स-आरएन ही परीक्षा पास व्हावी लागते, तिच्यासाठी सरावाच्या प्रश्नांची एक ऑनलाइन क्वेश्चन बँक घेतली, सात महिने वापरली, परीक्षा दिली, पास झाले. आता वॉर्डमधल्या ज्युनियर मुली एकच विचारतात, "ताई, प्रॅक्टिसला किती टक्के आले की परीक्षेची डेट घ्यायची?" म्हणून एकदा नीट लिहिते. बँकेचं नाव देत नाही, कारण जे सांगायचंय ते सगळ्याच बँकांना लागू आहे.

पहिले दोन महिने मी चुकीच्या पद्धतीने घालवले. नाईट संपली की परळवरून डोंबिवलीची गाडी पकडायची, सकाळी उलट्या दिशेला बसायला जागा मिळते, मग मोबाइलवर दहा-दहा प्रश्न सोडवायचे. टॉपिकप्रमाणे. कार्डियाक झालं की रेनल, रेनल झालं की एंडोक्राइन, आणि प्रत्येक प्रश्नानंतर लगेच उत्तर बघायचं. ७८ टक्के यायचे आणि मला वाटायचं झालीच तयारी. मग एका वीकली ऑफला सगळे विषय मिसळून, घड्याळ लावून, ८५ प्रश्न एका बैठकीत सोडवले तर आले ५२ टक्के. रडले मी त्या दिवशी. पण खरा आकडा तोच होता, कारण टॉपिक आधीच माहीत असला की अर्धं उत्तर तिथेच मिळालेलं असतं, परीक्षेत कोणी सांगत नाही की हा प्रश्न किडनीचा आहे म्हणून.

एक प्रश्न अजून लक्षात आहे. चार पेशंट, आधी कोणाला बघाल? एक सीओपीडीचा, म्हणजे फुप्फुसाचा जुना आजार असलेला, ऑक्सिजन सॅच्युरेशन ९० टक्के. दुसरी कालच थायरॉइड काढलेली, ओठांभोवती मुंग्या येतायत म्हणते. बाकी दोघं तसे ठीक. मी डोळे झाकून सीओपीडी टिक केलं, आपल्या वॉर्डमध्ये ९० दिसलं की आपण धावतोच ना. चूक. सीओपीडीवाल्याला ९० हे त्याच्यासाठी अपेक्षितच आहे, पण थायरॉइडनंतर मुंग्या म्हणजे कॅल्शियम खाली चाललंय, घशाचे स्नायू आवळले तर श्वासच बंद होईल. त्या एका प्रश्नाचं स्पष्टीकरण मी चार वेळा वाचलं आणि वहीत लिहिलं, "अपेक्षित काय, अनपेक्षित काय". त्यानंतर प्रायॉरिटीच्या प्रश्नांना माझं डोकं वेगळंच चालायला लागलं. बँकेचे पैसे वसूल झाले ते अशा ठिकाणी, स्कोअरमध्ये नाही.

डेलिगेशनचा, म्हणजे कोणतं काम कोणाला सोपवायचं याचा भाग आपल्याला सगळ्यात जड जातो. आपल्याकडे मावशी, वॉर्डबॉय आणि पेशंटचे नातेवाईक मिळून निम्मं काम उचलतात, तिकडे एलपीएनला, म्हणजे आरएनच्या खालच्या लायसन्सच्या नर्सला, काय द्यायचं, नर्सिंग असिस्टंटला काय द्यायचं आणि काय कधीच नाही याच्या रेषा ठरलेल्या आहेत. अनुभव इथे उलटा आडवा येतो.

आता टक्क्यांचं. खरी परीक्षा अडॅप्टिव्ह आहे, बरोबर उत्तर दिलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा, त्यामुळे तिथे जवळजवळ सगळ्यांचीच साधारण निम्मी उत्तरं चुकतात, हुशार मुलीचीसुद्धा. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, पाच तास, आणि त्यातले १५ तर मोजलेच जात नाहीत. ही पास की नापास याची कॉम्प्युटरला ९५ टक्के खात्री झाली की तो थांबतो. मग साध्या बँकेतले ६० टक्के म्हणजे तिकडचे किती, हे कसं सांगणार? शिवाय एप्रिल २०२३ पासून नवीन पॅटर्न आलाय, एका केस स्टडीवर सहा प्रश्न, अर्धे मार्कही मिळतात आणि सिलेक्ट ऑलमध्ये, म्हणजे बरोबर असतील ते सगळे पर्याय निवडायच्या प्रश्नात, चुकीचा पर्याय टिक केला तर मिळालेला मार्क कापलाही जातो. माझ्या बँकेतले बरेच प्रश्न जुन्या पद्धतीचे, एक चुकलं की शून्य. ही तक्रार मला खरंच आहे.

अमेरिकेतल्या कॉलेजांत कोर्स संपताना हेसी, एटीआय अशा टेस्ट घेतात, त्यांच्यावर बराच अभ्यास झालाय. चांगला स्कोअर आलेल्या मुली बहुतेक पास होतात हे खरं, पण कमी स्कोअरवाल्याही बऱ्याच पास होतात, म्हणजे नापास कोण होणार हे त्या टेस्टना नीट सांगता येत नाही. म्हणूनच तिथल्या नॅशनल लीग फॉर नर्सिंग या नर्सिंग शिक्षणाच्या संस्थेने २०१२ मध्ये गाइडलाइन्स काढल्या की मुलीला कोर्स पूर्ण करू द्यायचा की नाही असा मोठा निर्णय एकाच टेस्टवर घेऊ नका. आणि तो अभ्यास तिकडे शिकलेल्या, नुकत्याच कॉलेजातून निघालेल्या मुलींवरचा, आपण वर्षानुवर्षं ड्युटी केलेल्या, त्यामुळे आपल्यासाठी तो अंदाज अजूनच सैल.

माझ्या बॅचमेटचं उदाहरण सांगते, तिला विचारून. तिचे शेवटचे स्कोअर ८० च्या वर, माझे ६१. ती नापास झाली. तिने तीच बँक तीन वेळा फिरवली होती, प्रश्नाची पहिली ओळ वाचली की उत्तर आठवायचं. हुशारीत ती माझ्यापेक्षा काकणभर सरसच आहे, पण तो ८० पाठांतराचा होता आणि ते तिला कोणी सांगितलं नाही. ४५ दिवस थांबून परत फी भरायची, २०० डॉलर आणि बाहेरच्या देशात सेंटर असल्याचे वरचे १५०, आपल्या पगारात हे दुखतं.

मुंबईच्या सेंटरला माझी परीक्षा ८५ ला थांबली नाही. ११२ ला थांबली, तोपर्यंत हात गार पडले होते. पण तीन तास बसायची सवय होती, ऑफच्या दिवशी पंखा बंद करून, फोन आईकडे देऊन सलग सोडवलेल्या त्या सहा मिक्स टेस्टमुळे.

परवा एका ज्युनियरने मोबाइल पुढे केला, ७१ टक्के. विचारलं, पहिल्यांदा सोडवलास हा सेट? म्हणाली, नाही ताई, दुसऱ्यांदा. तिला एक न उघडलेला सेट काढून दिला आणि सांगितलं, नाईट करून आल्यावर नको, गुरुवारी तुझा ऑफ आहे, तेव्हा सकाळी बस, मग चुकलेले प्रश्न घेऊन ये, आपण दोघी वाचू.