वायरलेस म्हणून विकलेला वायरीचा कीबोर्ड

ओळखीतल्या एकाने 'कॉर्न, वायरलेस, हॉटस्वॅप, पूर्ण जोडलेला' ही सोशल मीडियावरची जाहिरात पाहून यूपीआयने सगळे पैसे आगाऊ भरले. कॉर्न म्हणजे दोन सुट्या भागांत विभागलेला कीबोर्ड; हॉटस्वॅप म्हणजे कळांखालचे स्विच सोल्डरिंग न करता बदलता येणारा. खोक्यातून निघाला तो कॉर्नच, 42 कळांचा. फक्त दोन भागांमध्ये साडेतीन मिलिमीटरच्या पिनची केबल, आणि आत प्रो मायक्रो कंट्रोलर, म्हणजे कीबोर्ड चालवणारा छोटा बोर्ड.

प्रो मायक्रोवर एटमेगा32यू4 चिप असते. तिच्यात ब्लूटूथ नाहीच, फर्मवेअर (कंट्रोलरमधलं सॉफ्टवेअर) कुठलंही टाका. वायरलेस कॉर्नला दोन्ही भागांत एनआरएफ52840 चिपचा कंट्रोलर (नाइस नॅनो किंवा त्याची नक्कल), दोन्हीकडे एकेक लिथियम बॅटरी आणि बहुतेक वेळा झेडएमके फर्मवेअर लागतं. खर्च वाढतो तो इथेच, आणि नेमका तोच विक्रेत्याने वाचवला. जाहिरातीच्या फोटोत हे कळण्याची सोय नव्हती, कारण कॉर्नमध्ये ओएलईडी पडदा कंट्रोलरच्या डोक्यावरच बसतो.

जाब विचारल्यावर उत्तर आलं, 'ब्लूटूथ नंतर बसवता येतं.' येतं की! त्यासाठी दोन्ही कंट्रोलर बदलायचे. ते सॉकेटमध्ये नसून थेट सोल्डर केलेले असतील, तर प्रत्येकाच्या 24 पिना सोडवताना बोर्डावरचे पॅड उखडायची भीती.

म्हणून पैसे देण्याआधी पडदा काढून दोन्ही कंट्रोलरचा जवळून फोटो मागवा. शिवाय एकही केबल न लावता, दोन्ही भागांवरून फोनवर टाइप करतानाचा सलग व्हिडिओ. हॉटस्वॅपसाठी तळाची प्लेट काढून मागचा फोटो: प्रत्येक स्विचखाली सॉकेट दिसलं पाहिजे. स्विचचे पाय सोल्डरमध्ये रुतलेले दिसले तर ते हॉटस्वॅप नव्हे. 'किट'मध्ये स्विच, कीकॅप आणि कित्येकदा कंट्रोलरही नसतात. ती या धंद्याची रीत आहे, लबाडी नाही. पण यादी लेखी घ्या.

वायरीचा कीबोर्ड घेतलात तर आणखी एक डाव ओळखून ठेवा. एक भाग मुळातच मेलेला पाठवायचा आणि 'तुम्ही चालू असताना केबल ओढली' म्हणून हात झटकायचे. हे पटतं, कारण वीज चालू असताना ती पिन काढली-घातली तर आतले संपर्क एकमेकांवरून घासतात, शॉर्ट होतं आणि कंट्रोलर खरोखर जळू शकतो. तेव्हा खोकं फोडण्यापासून व्हिडिओ काढा. आधी मधली केबल, मगच यूएसबी. मधल्या केबलच्या पिनवर तीन काळ्या पट्ट्या हव्यात. दोनच असतील तर ती साधी ऑक्स केबल. ती दोन संपर्क एकत्र जोडते, लावूच नका. उजवा भाग एकटा यूएसबीला लावल्यावर डाव्या भागाची अक्षरं उमटली तर घाबरू नका, कित्येक फर्मवेअरमध्ये तसंच असतं.

माल चुकीचा आला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. पैसे घेऊन विक्रेता गायबच झाला तर ताबडतोब सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत सरकते. चॅट आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट मात्र तक्रारीआधी, विक्रेत्याने ब्लॉक करण्यापूर्वीच काढा.