मेंढ्यांच्या लशीसाठी पीईएक्यू-एचटी: वापरणारीचं मत

प्राण्यांची लस झाडाच्या पानात बनवायची असेल आणि त्या लशीत एकाहून जास्त प्रथिनं एकत्र यायला हवी असतील, तर मी बिनधास्त पीईएक्यू-एचटी हा प्लाझ्मिड, म्हणजे पेशीत जनुक वाहून नेणारं डीएनएचं छोटं कडं, घ्यायला सांगेन. इंग्लंडमधल्या नॉरिचच्या जॉन इनेस सेंटर या संशोधन संस्थेत जॉर्ज लोमोनॉसॉफ यांच्या गटाने तो बनवला आणि २००९ मध्ये प्रसिद्ध केला. मी ब्लूटंगवर, म्हणजे मेंढ्यांची जीभ निळी पाडणाऱ्या रोगावर, काम करते. हे मत त्याच कामातून आलेलं आहे.

हा रोग क्युलिकॉइडिस जातीच्या चिलटांमधून पसरतो. विषाणूचे दोन डझनांहून जास्त सिरोटाइप, म्हणजे प्रतिकारशक्तीला वेगवेगळे वाटणारे प्रकार, आहेत, आणि एकावरची लस दुसऱ्यावर सहसा चालत नाही. जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूची लस दिली, तर तो चिलटांमार्फत पुढे जाऊ शकतो, मोकाट फिरणाऱ्या विषाणूशी जनुकांची अदलाबदल करू शकतो. गाभण मेंढीला दिली तर पोटातल्या कोकराला धोका. मारलेल्या विषाणूची लस सुरक्षित असते, पण मारण्याआधी खरा विषाणू ढिगाने वाढवावा लागतो. म्हणून मला विषाणूसारखे कण हवे असतात. बाहेरून हुबेहूब विषाणू, आत जनुकं काहीच नाहीत, त्यामुळे मेंढीत वाढायचा प्रश्नच येत नाही.

अडचण अशी की हा कण चार प्रथिनांचा आहे. आतलं कवच व्हीपी३ च्या १२० प्रतींचं, त्यावर व्हीपी७ च्या ७८०, आणि बाहेरच्या थरात व्हीपी५ च्या ३६० व व्हीपी२ च्या १८०. ही चारही एकाच पेशीत, एकाच वेळी आणि बेताच्या प्रमाणात तयार व्हायला हवीत. कीटकपेशींत हे १९९० च्या सुमारासच जमलं होतं, पण त्या पेशी वाढवायला निर्जंतुक टाक्या लागतात आणि खर्चीक माध्यम लागतं. झाडाला माती, पाणी आणि उजेड पुरतो.

पीईएक्यू-एचटीची खरी करामत त्याच्या रचनेत आहे. चवळीवरच्या मोझॅक विषाणूची जनुकं आरएनएच्या दोन धाग्यांवर असतात; त्यातल्या आरएनए-२ ची दोन टोकं घेतली आहेत आणि आपलं जनुक त्यांच्या मधोमध बसतं. पुढच्या टोकात आड येणारे एयूजी कोडॉन, म्हणजे प्रथिन बनवायला ‘इथून सुरू कर’ सांगणाऱ्या खुणा, काढून टाकले आहेत. तेवढ्याने प्रथिनाचं उत्पादन कितीतरी वाढतं. हिरव्या चमकणाऱ्या जीएफपीच्या बाबतीत ते एक किलो ताज्या पानांमागे एक ग्रॅमच्या वर गेलं आहे. विषाणूची स्वतःच्या प्रती काढायची यंत्रणा यात अजिबात नाही, आणि मला हेच सगळ्यात जास्त आवडतं. प्रती काढणारे दोन सारखे व्हेक्टर, म्हणजे जनुकवाहक, एका पेशीत शिरले की एक दुसऱ्याला हुसकावून लावतो. इथे तसं भांडण नसल्याने चार जनुकं सुखाने शेजारी नांदतात. शिवाय पेशीची जनुक दाबून टाकायची सवय रोखणारं पी१९ हे प्रथिन बनवणारं जनुक त्याच टी-डीएनएवर, म्हणजे झाडाच्या पेशीत जाणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर, असल्याने त्यासाठी जिवाणूंचं वेगळं कल्चर घालावं लागत नाही. एज-वन आणि झो-वन या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमांनी कापा, जनुक जोडा, कानामायसिन या प्रतिजैविकावर निवडा. नव्या विद्यार्थ्याच्या हातातही हे बसतं.

पानात भरायचं काम मी अजून स्वतः करते. निकोटियाना बेन्थामियाना हे तंबाखूच्या कुळातलं, मूळ ऑस्ट्रेलियाचं रोप. प्रयोगशाळेतल्या त्याच्या वाणात विषाणूंशी लढणारं एक जनुक मोडलेलं आहे, म्हणून ते इतकं निमूटपणे ऐकतं. प्लाझ्मिड पानाच्या पेशींत पोचवणारा जिवाणू म्हणजे ॲग्रोबॅक्टेरियम. तो एमईएस (आम्लता स्थिर ठेवणारं रसायन), मॅग्नेशियम क्लोराइड आणि असिटोसिरिंगोन (जिवाणूला चेतवणारं रसायन) यांच्या द्रावणात घ्यायचा, पानाच्या खालच्या बाजूला बारीक ओरखडा काढायचा, बिनसुईची सिरिंज तिथे टेकवायची आणि वरून बोटाचा आधार द्यायचा. हलकेच दाबलं की द्रव शिरांच्या मधल्या जागेत पसरत जातो आणि पान तिथे ओलं, गडद हिरवं दिसायला लागतं. रोपाला पाणी कमी पडलेलं असेल तर पर्णरंध्रं मिटतात आणि द्रव उलटा बोटांवर येतो. वरची, नुकती पूर्ण उघडलेली पानं सर्वात चांगली. खालची म्हातारी पानं घेऊच नका. आठवड्याभरात पानं तोडायला तयार होतात. जनुकाचा आराखडा हातात पडल्यापासून इतक्या लवकर मेंढीच्या लशीचा कच्चा माल दिसतो, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आणि ही लस मेंढीत चालते. याच पद्धतीने पानात बनवलेले सिरोटाइप ८ चे कण दक्षिण आफ्रिकेत मेंढ्यांना टोचले गेले, नंतर खरा विषाणू दिला, आणि मेंढ्या वाचल्या. हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात एक गोष्ट शिकण्यासारखी आहे: व्हीपी३ जास्त झालं की अर्धवट कणांचीच गर्दी होते, म्हणून त्या जनुकापुढे एयूजी काढलेल्या जोरकस टोकाऐवजी मूळचं, कमी जोराचं टोक लावलं गेलं. चारही प्रथिनं कमाल प्रमाणात काढायचा हट्ट धरणाऱ्यांनी हे आवर्जून वाचावं.

आता तक्रारी. पान वाटल्यावर खरं काम सुरू होतं आणि तिथे हा प्लाझ्मिड काही मदत करत नाही. फिनॉलमुळे रस बघता बघता तपकिरी पडतो, रुबिस्को हे पानातलं मुबलक प्रथिन सगळीकडे घुसतं, ॲग्रोबॅक्टेरियमचं एंडोटॉक्सिन, म्हणजे त्याच्या आवरणातलं विष, वेगळं काढावं लागतं. घनतेच्या थरांतून कण वेगळे करणं प्रयोगशाळेत ठीक आहे. कळपच्या कळप टोचायचे तर दुसरी पद्धत शोधावी लागेल. काही प्रथिनं पानाला सोसत नाहीत आणि भरलेला भाग पिवळा पडून वाळतो. कायमचा जनुकबदल केलेलं झाड हवं असेल तर याच रूपात घेऊ नका, कारण पी१९ सतत चालू राहिलं की झाडाची वाढ बिघडते.

परवान्याचं आधी बघा. संशोधनासाठी करार करून तो मिळतो, पण विक्रीसाठी वेगळा परवाना लागतो. ही बाजू मी गंभीरपणे घेते, कारण वनस्पतिपेशींत बनलेल्या कोंबड्यांच्या न्यूकॅसल रोगाच्या लशीला अमेरिकेत २००६ मध्येच मंजुरी मिळाली होती आणि ती कधी बाजारात आली नाही. डुकरांच्या क्लासिकल स्वाइन फीव्हरची पानात बनलेली लस दक्षिण कोरियात २०१९ मध्ये मंजूर झाली, तेव्हा कुठे आमच्या क्षेत्राला धीर आला. मेंढ्यांसाठीही तसं व्हावं असं मला मनापासून वाटतं.

लशीला एकच छोटं, साखरेची जोड न लागणारं प्रथिन पुरत असेल आणि ते ई. कोलाय या जिवाणूत नीट घडी घेत असेल, तर या फंदात पडू नका, ई. कोलायच वापरा.