वेट पॅलेट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या नोव्हेंबरात मी वेट पॅलेटकडे, म्हणजे रंग ओला ठेवणाऱ्या डब्याकडे, वळलो ते एका गोब्लिनमुळे. गोब्लिन म्हणजे परीकथांतला छोटा राक्षस; मी रंगवत होतो ती त्याची २८ मिलिमीटर मापाची छोटी मूर्ती, तिचा चेहरा जेमतेम तुरीच्या दाण्याएवढा. डबीतला हिरवा थेट ब्रशवर घेऊन मी एक हात दिला, विरळ वाटला म्हणून दुसरा दिला. दुसऱ्या हातात नाकपुड्या बुजल्या, तिसऱ्यात दात आणि ओठ एक झाले. आपली बोटं स्थिर नाहीत म्हणून असं होतं, अशी माझी समजूत होती. खरं कारण होतं रंगाचा घट्टपणा, आणि ते कळलं पॅलेट वापरायला लागल्यावर.

ज्यांनी ही वस्तू पाहिली नसेल त्यांच्यासाठी: घट्ट झाकणाचा पसरट डबा, तळाशी ओला स्पंज, स्पंजवर बेकिंगचा कागद आणि कागदावर रंग. ॲक्रिलिकमधलं पाणी हवेत उडत जातं तसतसं खालचं पाणी कागदातून झिरपून त्याची जागा घेतं. एप्रिलमध्ये पुण्यात पंख्याखाली बसलं की साध्या टाइलवरचा थेंब काही मिनिटांतच साय धरायला लागतो. पॅलेटवर तोच थेंब संध्याकाळभर ओला राहतो, झाकण लावून ठेवला तर बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशीही चालतो.

रंग वाचतो म्हणून बरेच जण हे घ्यायला सांगतात. वाचतो, पण माझ्या मते तो फायदा दुय्यम आहे. रंग सुकत चाललाय हे दिसलं की आपण नकळत ब्रश जास्त भरतो आणि भराभर ओढतो. सुकण्याची भीती गेली की हात आपोआप सावकाश चालतो. नवशिक्याला याहून मोठी मदत दुसरी नाही.

पातळपणाचा अंदाज मात्र पॅलेट देत नाही, तो आपला आपण बसवावा लागतो. मी अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढून बघतो. रेघ सलग उमटली, कडेला ओघळली नाही आणि खालचं नख किंचित दिसलं, तर रंग तयार. साधारण दुधाइतका पातळ. इतक्या पातळ रंगाचा पहिला हात ठिगळांसारखा दिसतो आणि तिथेच धीर सुटतो. तो पूर्ण सुकू द्यायचा, मग दुसरा द्यायचा. बहुतेक रंग दोन हातांत बसतात. पिवळा बसत नाही. काळ्या प्रायमरवर (रंगाआधी द्यायच्या अस्तरावर) तर तो पाच-सहा हात मागतो, म्हणून आता मी त्याखाली आधी मोहरीच्या रंगाचा हात देतो.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा समजली. रंग पातळ करणं वेगळं आणि ब्रशमध्ये किती रंग ठेवायचा हे वेगळं. पातळ रंगानं भरलेला ब्रश मूर्तीला टेकवला की सगळं पाणी एकदम खोबणीत उतरतं, आणि सुकल्यावर कडेला गडद कडं उमटतं. ब्रश भरल्यावर दर वेळी टिश्यूवर एकदा टेकवायचा, मगच मूर्तीकडे न्यायचा. एवढी एक सवय लागली आणि माझी निम्मी कामं सुधारली.

खरी मजा जादूगाराच्या लाल झग्यावर आली. पॅलेटच्या एका टोकाला मरून, मध्ये लाल, दुसऱ्या टोकाला नारिंगी, आणि त्यांच्या मधल्या छटा. पूर्वी तिसरी छटा मिसळेपर्यंत पहिली सुकायची आणि पुन्हा तशी जमायची नाही. आता पाचही छटा समोर ओल्या असतात. वाटेल तेव्हा एक पाऊल मागे जाता येतं. ग्लेझ, म्हणजे खालचा रंग दिसू देणारा अगदी पातळ हात, हेही इथेच शिकलो: रंगाच्या एका थेंबाला पाण्याचे पाच-सहा, ब्रश चांगला टिपून घेतलेला. ब्रश जिथे उचलतो तिथे रंगाचे कण जास्त साचतात, म्हणून सावली गडद करायची तर ब्रश उजेडाकडून चुणीच्या खोलीकडे ओढायचा. दोन महिने मी उलट ओढत होतो आणि उजळ कडा का मळतात ते कळत नव्हतं.

काही रंगांना पॅलेट चालत नाही. धातूच्या रंगांमधली चमक पाण्याबरोबर कागदभर पसरते आणि नंतर झग्यावर, चेहऱ्यावर, कुठेही चमचमत राहते. त्यांच्यासाठी मी चिनी मातीची वेगळी बशी ठेवली आहे. न्यूल्न ऑइल किंवा अग्रॅक्स अर्थशेडसारखे वॉश, म्हणजे खोबणीत उतरून सावली देणारे रंग, मुळातच पातळ असतात, ओल्या कागदावर ते आणखी पातळ होऊन वाहत जातात. सिटाडेल या मूर्तींच्या रंगांच्या ब्रँडनं २०१९ मध्ये आणलेले कॉन्ट्रास्ट रंगही मी कागदावर घेत नाही. उंचवट्यावर फिके आणि खोबणीत गडद बसणं हे त्यांचं वैशिष्ट्य, आणि ते जास्तीच्या पाण्यानं बिघडतं.

पावसाळ्यात वेगळीच अडचण आली. जुलैत झाकण उघडलं तर कुबट वास, आणि स्पंजवर काळे ठिपके. तो स्पंज टाकून दिला. आता दर आठवड्याला स्पंज उकळत्या पाण्यातून काढतो, काम नसेल तेव्हा डबा उघडा ठेवून सुकवतो, आणि स्पंजखाली तांब्याचा छोटा तुकडा ठेवतो. तांब्यामुळे बुरशीची वाढ रोखली जाते. तेव्हापासून वास आलेला नाही. (पावसाळी हवेत स्प्रे प्रायमरही मारू नका, पृष्ठभाग खरखरीत होतो. ब्रशनं लावायचा प्रायमर वापरा.)

घरचं की विकतचं? पहिले चार महिने मी जेवणाचा चपटा डबा, ओटा पुसायचा सेल्युलोजचा स्पंज आणि बेकिंगचा कागद यांवर काढले. नंतर विकतचं घेतलं. त्याचं झाकण जास्त घट्ट बसतं आणि स्पंज सपाट राहतो, एवढाच फरक. सोबत आलेले कागद मात्र कडेनं वळायचे, शेवटी मी पुन्हा बेकिंगच्या कागदावरच आलो. तो घेताना जपून: स्टेशनरीच्या दुकानात बटर पेपर मागितला तर बऱ्याचदा ट्रेसिंग पेपर मिळतो, आणि तो पाण्यात चुरगळतो. मेणकागदातून पाणी वरच येत नाही. सुरुवातीला घरचंच करा, पैसे चांगल्या टोकाच्या, १ क्रमांकाच्या मापाच्या ब्रशवर घाला. डोळ्यांसाठी तीन शून्यांचा (000 मापाचा, अगदी बारीक) ब्रश लागतो असं मलाही वाटायचं, पण त्याच्या टोकावरचा रंग मूर्तीपर्यंत पोचेतो सुकतो.

डोळ्यांबद्दल थोडं सांगायलाच हवं. पेणच्या गणपती कारखान्यांत डोळ्यांची आखणी अनुभवी हाताकडेच का देतात, हे तुरीच्या दाण्याएवढ्या चेहऱ्यावर काम करताना मला नीट समजलं. आधी खोबणीत गडद तपकिरी, मग हाडासारखा पांढरा, मग बुबुळ. बुबुळ ठिपक्यासारखं न काढता वरच्या पापणीपासून खालच्या पापणीपर्यंत उभी रेघ काढली, तर मूर्ती दचकल्यासारखी दिसत नाही. रेघ पहिल्या वेळी बरोबर येतेच असं नाही. पण चेहऱ्याला लावलेली कातडीची छटा पॅलेटवर अजून तशीच ओली असते. तिचा एक टिपका घेऊन डोळ्याची कड परत कापून घ्यायची आणि पुन्हा बुबुळ काढायचं. परवा एका बुटक्या योद्ध्याचा डावा डोळा मी असा चार वेळा काढला, आणि चौथ्या वेळी तो उजव्याशी जुळला.