बिग, लार्ज की ग्रेट? शब्द निवडून देणारा कोश
मराठीत घर मोठे, संख्या मोठी आणि यशही मोठेच, त्यामुळे इंग्रजी लिहिताना ‘बिग’, ‘लार्ज’ आणि ‘ग्रेट’ यांपैकी कोणता शब्द घ्यावा, इथे माझी लेखणी हमखास अडत असे. ए. एस. हॉर्नबी यांचा जो कोश ऑक्सफर्डने १९४८ मध्ये प्रकाशित केला, त्याच्या आजच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ या रूपातील एका छोट्या टिपेने ही अडचण दूर केली. घर किंवा कुत्रा ‘बिग’, संख्या किंवा क्षेत्र ‘लार्ज’, यश किंवा महत्त्व ‘ग्रेट’, अशा जोड्याच ती समोर ठेवते. ‘लार्ज सक्सेस’ व्याकरणात बसते, तरी कानाला खटकते. हे केवळ अर्थ देणाऱ्या इंग्रजी-मराठी कोशातून कळणे कठीण. इंग्रजीत निवेदने किंवा अहवाल लिहिणाऱ्या प्रत्येकाने हा कोश हाताशी ठेवावा, असे मी मनापासून सुचवतो.